आकडा आधी, चित्र नंतर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गणित आणि संगणक ग्राफिक्स यांची सांगड घालणारे विद्यार्थ्यांचे प्रकल्प आता जिकडेतिकडे दिसतात. पडद्यावर गरगर फिरणारा घन, फ्रॅक्टलची (लहान भागातही तीच रचना पुन्हा दिसणाऱ्या आकृतीची) रंगीत नक्षी, आरशासारखे चकाकणारे गोळे. पाहणारा थबकतो, कौतुक करतो, परीक्षकही शेरा लिहून पुढे जातात. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो: हे चित्र बरोबर आहे, हे कशावरून? देखणेपणा हा काही त्याचा पुरावा नव्हे. चुकलेल्या सूत्रातूनही मोहक नक्षी निघते, आणि फ्रॅक्टलच्या बाबतीत तर चुकलेली नक्षी कधी कधी मूळ नक्षीहून जास्त भाव खाऊन जाते.

आमची सूचना साधी आहे. चित्र काढण्याआधी कागदावर गणित करून एक आकडा काढावा, चित्र तयार झाले की पिक्सेल मोजावेत आणि तो आकडा येतो का ते पाहावे. आला तर प्रकल्प उभा राहिला. नाही आला तर खरा प्रकल्प तिथून सुरू झाला. हे कसे करता येते, कुठे घसरायला होते आणि का, ते काही उदाहरणांनी सांगतो. उदाहरणे दहावीच्या गणितापासून बारावीच्या पुढच्या गणितापर्यंत जातात.

आधी साधनांविषयी. रेषा, वर्तुळ, फिरवणे, छाया हे सगळे आयते करून देणारी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच, वापरली की गणित लायब्ररी लिहिणाऱ्याने केलेले असते. विद्यार्थी फक्त नावे पुकारतो. म्हणून एकच सोय घ्यावी: अमुक पिक्सेलला तमुक रंग द्या. तीही नसली तरी अडत नाही. पीपीएम नावाचा अगदी साधा चित्रप्रकार आहे. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत पी हे रोमन अक्षर आणि त्याला चिकटून ३ हा अंक, दुसऱ्या ओळीत रुंदी आणि उंची, तिसऱ्या ओळीत २५५, आणि त्यापुढे प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. ४०० गुणिले ३०० च्या चित्राला १,२०,००० पिक्सेल, म्हणजे ३,६०,००० आकडे लिहिले की झाले. मजकूर छापता येणाऱ्या कोणत्याही भाषेत हे जमते. गिंपसारख्या मोफत प्रोग्रामात ती फाइल उघडते. पुढे साठवायची झाल्यास पीएनजी प्रकारात साठवावी, जेपेगमध्ये नको. जेपेग जागा वाचवण्यासाठी पिक्सेलच्या किमती थोड्या थोड्या बदलतो. काळ्या-पांढऱ्या कडेजवळ करड्या छटा सांडतात आणि मग मोजणीला अर्थ उरत नाही.

सुरुवात रेषेपासून करावी. ती क्षुल्लक वाटते, तशी नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये पूर्णांकांची फक्त बेरीज, वजाबाकी आणि तुलना वापरून रेषा काढण्याची रीत बसवली. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. इथला आधी काढायचा आकडा सोपा आहे: दोन टोकांमधला आडवा फरक आणि उभा फरक यांतला जो मोठा, त्यात एक मिळवायचा. (०,०) ते (७,३) या रेषेत ८ पिक्सेल उजळले पाहिजेत, (०,०) ते (३,१२) या रेषेत १३. पहिल्या प्रयत्नात दुसऱ्या रेषेचे बहुधा चारच ठिपके येतात. कारण प्रोग्राम क्ष एकेकाने वाढवत जातो आणि चढ ४ असल्याने य दर वेळी चार घरे उडी मारतो. उभ्या बाजूला झुकलेल्या रेषेत य वाढवत जायचे, एवढाच उपाय.

पण गंमत पुढे आहे. तीच रेषा उलट टोकाकडून काढली तर तेच पिक्सेल उजळतात का? (०,०) ते (२,१) घ्या. मधल्या स्तंभात रेषा बरोबर अर्ध्यावरून जाते. बरोबरी झाली तर आधीच्याच ओळीत राहायचे, असा नियम असेल तर जाताना (१,०) उजळतो आणि येताना (१,१). अशी बरोबरी कोणत्या रेषांत होते? आडवा फरक उभ्यापेक्षा मोठा धरू. उभा भागिले आडवा हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिला की छेद सम असेल तर बरोबरी होते, विषम असेल तर कधीच होत नाही. (८,३) मध्ये होते. (१०,४) मध्ये होत नाही, कारण तो अपूर्णांक मुळात दोन पंचमांश आहे. मसावि आणि अतिसंक्षिप्त रूप शिकलेल्या मुलांना हे सिद्धही करता येते आणि दोनशे रेषा दोन्ही बाजूंनी काढून पडताळताही येते. रेषेवरचा प्रकल्प म्हणून एवढेही पुरेसे आहे.

दुसरा विषय फिरवण्याचा. बिंदू मूळबिंदूभोवती फिरवण्याचे सूत्र पुस्तकात असते: नवा क्ष म्हणजे क्ष गुणिले कोसाइन वजा य गुणिले साइन, नवा य म्हणजे क्ष गुणिले साइन अधिक य गुणिले कोसाइन. बहुतेक भाषांतील साइन आणि कोसाइन यांना कोन रेडियनमध्ये लागतो. १ अंश म्हणून नुसता १ दिला की आकृती दर वेळी सुमारे ५७.३ अंश उडते. शिवाय चित्राच्या फाइलमध्ये य खाली वाढतो, त्यामुळे धन कोन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरताना दिसतो. या दोन चुका लगेच डोळ्यांत भरतात, म्हणून त्या निरुपद्रवी.

उपद्रवी चूक वेगळी आहे. प्रोग्रामात पहिल्या ओळीत क्ष ची किंमत बदलली जाते आणि दुसऱ्या ओळीत य काढताना जुन्या क्ष ऐवजी हा बदललेला क्ष वापरला जातो. आकृती फिरते, छान फिरते; पण प्रत्येक पावलाला किंचित आकसते. किती, ते कागदावर निघते. या चुकलेल्या रूपांतराचा निश्चयक (क्षेत्रफळ किती पट होते ते सांगणारी संख्या) मांडून पाहिला तर तो १ येत नाही, कोसाइनचा वर्ग येतो. म्हणजे दर पावलाला क्षेत्रफळ तेवढ्या पटीने घटते. १ अंशाची ३६० पावले टाकून चौरस जागेवर परतला तर त्याचे क्षेत्रफळ मूळच्या ८९.६ टक्के उरते. पाहणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. १० अंशांची ३६ पावले टाकली तर उरते ३३ टक्के. म्हणून चाचणी नेहमी मोठ्या पावलांनी घ्यावी आणि एक पूर्ण फेरा झाल्यावर कोपऱ्यांचे निर्देशक मूळ निर्देशकांशी ताडून पाहावेत. सूत्र बरोबर असेल तर फरक दशांशाच्या तेराव्या-चौदाव्या स्थळापलीकडेच असतो. जुना क्ष बाजूला एका नावाने ठेवला की चूक संपते, पण ती का घडली आणि किती आकसले याचा हिशेब जो मुलगा मांडतो त्याला निश्चयक म्हणजे काय ते आयुष्यभरासाठी कळते.

आता आकृतीऐवजी छायाचित्र फिरवू. मूळ चित्राचा प्रत्येक पिक्सेल उचलायचा, सूत्रात घालायचा, येईल त्या जागी जवळच्या पूर्णांकावर ठेवायचा, हे सरळ वाटते. परिणाम: चित्राला भोके पडतात. कारण दोन शेजारी पिक्सेल कधी एकाच घरात जाऊन बसतात आणि त्यामुळे एखादे घर रिकामे राहते. ४५ अंशांना किती भोके? इथे भूमिती फार सुरेख येते. बाजू १ असलेला चौरस ४५ अंशांत वळवून त्याचे टोक शेजारच्या घरात किती शिरते ते मोजले की उत्तर मिळते: वर्गमूळ २ वजा १, याचा वर्ग. म्हणजे ०.१७१६. १०० गुणिले १०० चे चित्र फिरवले तर साधारण १,७०० भोके पडली पाहिजेत. मोजावीत, कडेचे थोडे इकडेतिकडे सोडता जुळतात.

भोके बुजवायला अनेक जण शेजारच्या रंगांची सरासरी भरतात. ती मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे उलटीकडून जाणे: नव्या चित्राच्या प्रत्येक पिक्सेलसाठी ऋण कोनाने मागे जाऊन तो मूळ चित्रात कुठून आला ते काढायचे आणि आजूबाजूच्या चार पिक्सेलांची अंतरानुसार भारित सरासरी घ्यायची. आणखी एक वाट आहे, जी विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सुचवू. पत्त्यांचा जोड हाताने तिरका सरकवावा तशा चित्राच्या ओळी सरकवायच्या, मग तसेच स्तंभ, मग पुन्हा ओळी. कोनाच्या अर्ध्याचा टॅन्जंट, ऋण चिन्हासह, पहिल्या आणि तिसऱ्या सरकवण्याला. कोनाचा साइन मधल्याला. ३० अंशांसाठी ते आकडे ०.२६८ आणि ०.५ असे आहेत. ॲलन पेथ यांनी ही रीत १९८६ मध्ये मांडली. प्रत्येक ओळ सबंधच्या सबंध पूर्णांक घरे सरकत असल्याने एकही पिक्सेल हरवत नाही की दुसऱ्यावर चढत नाही: १०,००० आत गेले, १०,००० बाहेर आले. तीन सरकवण्यांच्या मॅट्रिक्सचा (सूत्रातल्या संख्यांच्या चौकटींचा) गुणाकार फिरवण्याची मॅट्रिक्स देतो हे हाताने करून दाखवायचे, हा प्रकल्पाचा कागदी भाग. कोन ९० च्या जवळ गेला की कडा वेड्यावाकड्या होतात. तेव्हा आधी चित्र सरळ ९० अंशांत वळवून उरलेला लहान कोन या रीतीने द्यावा.

फ्रॅक्टलकडे वळू, कारण प्रकल्पांची गर्दी तिथेच असते. त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू घ्या, कुठलाही एक बिंदू घ्या, यादृच्छिकपणे एक शिरोबिंदू निवडा, बिंदू आणि शिरोबिंदू यांच्या मध्यावर जा, ठिपका ठेवा, पुन्हा निवडा. सिअरपिन्स्कीचा त्रिकोण, म्हणजे त्रिकोणात त्रिकोण अशी जाळीदार नक्षी, उमटते. पहिले वीसेक ठिपके टाकून द्यावेत, कारण सुरुवातीचा बिंदू नक्षीच्या बाहेरचा असू शकतो. दर पावलाला अंतर निम्मे होत असल्याने वीस पावलांत ते दशलक्षांशाहून कमी होते. इथवर सगळेच येतात आणि ‘या आकृतीची मिती १.५८५ आहे’ (रेषेची १, पृष्ठभागाची २, तशी) असे फलकावर लिहून मोकळे होतात. तो आकडा मोजून दाखवणारे थोडेच.

मोजायचे असे. ५१२ गुणिले ५१२ च्या चित्रावर ६४, ३२, १६, ८, ४ पिक्सेल बाजूच्या चौकटी टाकायच्या, प्रत्येक मापाला किती चौकटींत निदान एक ठिपका आहे ते मोजायचे, चौकटींची संख्या आणि बाजूचा व्यस्त यांचे लॉगॅरिथम घेऊन आलेख काढायचा. रेषेचा चढ म्हणजे मिती. उत्तर ३ चा लॉग भागिले २ चा लॉग याच्या आसपास यायला हवे. पुष्कळदा ते कमी येते आणि मग लॉगॅरिथमच्या नावाने खडे फोडले जातात. दोष ठिपक्यांच्या संख्येत असतो. ५१२ म्हणजे २ चा नववा घात. तेवढ्या बारकाव्याला नक्षीत ३ चा नववा घात, म्हणजे १९,६८३ त्रिकोणी घरे आहेत. २०,००० ठिपके टाकले तर दर घराला सरासरी एक येतो, पण ठिपके यादृच्छिक पडतात. एक तृतीयांशाहून जास्त घरे रिकामीच राहतात. सगळी घरे भरायला १९,६८३ गुणिले त्याचा नैसर्गिक लॉग, अधिक थोडे, असे सुमारे दोन लाख ठिपके लागतात. संभाव्यतेतला हा जुना प्रश्न आहे: पाकिटातून एकेक चित्र निघत असेल तर पूर्ण संच जमायला किती पाकिटे घ्यावी लागतील? वीस हजार ठिपके आणि दोन लाख ठिपके असे दोन आलेख शेजारी लावले तर तो फलक फ्रॅक्टलच्या रंगीत फलकापेक्षा खूप काही सांगतो.

मँडेलब्रॉट संचाचेही तसेच. शून्यापासून सुरुवात करून संमिश्र (वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या) संख्येचा वर्ग करा, एक ठरलेली संख्या मिळवा, पुन्हा वर्ग करा. परिमाण २ च्या वर गेले की ती ठरलेली संख्या निसटली. कधीच न निसटणाऱ्या संख्यांचा हा संच, चित्रात काळा. रंग म्हणजे निसटायला किती पावले लागली ते. चित्राची पहिली तपासणी सममितीची. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा तंतोतंत आरशातले हवेत. एका ओळीने सरकलेले आढळले तर पिक्सेलच्या कोपऱ्याचा निर्देशक घेतला गेला आहे, मध्याचा नाही. ओळ आणि स्तंभ यांच्या क्रमांकात अर्धा मिळवला की दुरुस्त होते. दुसरी तपासणी क्षेत्रफळाची. वास्तव भाग उणे २ ते ०.५ आणि काल्पनिक भाग उणे १.२५ ते १.२५ असा चौरस घेतला तर त्याचे क्षेत्रफळ ६.२५. संचाचे क्षेत्रफळ सुमारे १.५०६६ आहे, म्हणजे चौरसाच्या २४.१ टक्के. ५०० गुणिले ५०० च्या चित्रात काळे पिक्सेल सुमारे ६०,२६० यायला हवेत. पावलांची मर्यादा ५० ठेवली तर ते जास्तच येतील, कारण उशिरा निसटणाऱ्या संख्याही आतल्या म्हणून मोजल्या जातात. मर्यादा ५०, २००, १०००, ५००० करत जावी आणि आकडा खाली कसा उतरत येतो त्याचा आलेख काढावा.

तिसरी गोष्ट बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि या साऱ्या विषयातली आमची सर्वांत आवडती. संचाच्या उजव्या खोबणीचे टोक ०.२५ वर आहे. त्याच्या किंचित उजवीकडे जा आणि निसटायला किती पावले लागतात ते मोजा. ०.२६ ला सुमारे ३०. ०.२५०१ ला सुमारे ३१२. ०.२५०००१ ला सुमारे ३,१४०. म्हणजे पावले गुणिले त्या छोट्या अंतराचे वर्गमूळ हा गुणाकार पायकडे, म्हणजे वर्तुळाच्या π कडे, जातो! डेव्ह बोल यांनी १९९१ मध्ये संचाच्या सीमेजवळ पाय असा डोकावतो हे टिपले. कारण अवघड नाही. ०.५ च्या जवळ बिंदू इतका सावकाश सरकतो की पावलांची बेरीज संकलनात बदलता येते. सरकण्याचा वेग म्हणजे ०.५ पासूनच्या अंतराचा वर्ग अधिक ते छोटे अंतर. त्याच्या व्यस्ताचे संकलन केले की इन्व्हर्स टॅन्जंट येतो आणि त्यातून पाय. वर्तुळाचा मागमूस नसलेल्या ठिकाणी पाय कसा उगवला हे विद्यार्थ्याला फळ्यावर सांगता आले तर त्याला चित्राचीही गरज नाही.

खोल शिरण्याविषयी एक इशारा. ‘अब्जपट मोठे केले’ अशा पाट्या प्रकल्पांवर दिसतात. दुहेरी अचूकतेच्या (प्रोग्रामात दशांश संख्या साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारातल्या) संख्येत ५३ बिट असतात, म्हणजे दशांश पद्धतीतले साधारण सोळा अंक. १,००० पिक्सेल रुंदीच्या चित्रात दाखवलेला भाग दहाचा उणे तेरावा घात एवढा अरुंद झाला की शेजारच्या पिक्सेलांना एकच संख्या मिळू लागते आणि चित्राचे ठोकळे होतात. वेगासाठी ग्राफिक्स कार्डावर एकेरी अचूकतेत हिशेब केला तर बिट २४, अंक सातच, आणि ठोकळे दहाच्या उणे चौथ्या घातालाच दिसू लागतात. हे ठोकळे झाकू नयेत. ते कुठे सुरू होतात ते आधी भाकीत करून मग दाखवणे हा स्वतंत्र प्रकल्प होतो.

वक्रांबद्दल थोडक्यात. सिट्रोएन या मोटार कंपनीत द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमध्ये बेझिए यांनी त्यानंतर काही वर्षांत जी वक्ररचना वापरात आणली, तिच्यातून चार नियंत्रण-बिंदूंनी वक्र काढता येतो. वर्तुळाचा चतुर्थांश तिने काढताना मधले दोन बिंदू टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवतात. तो वक्र खरे वर्तुळ नसतो. त्रिज्येत जास्तीत जास्त ०.०२७ टक्के फरक पडतो. १,००० पिक्सेल त्रिज्येला हा फरक पाव पिक्सेलहून थोडा जास्त, म्हणजे दिसणार नाही. ४,००० ला एक पिक्सेल ओलांडतो. ‘कोणत्या त्रिज्येला लबाडी उघडी पडते’ एवढाच प्रश्न घेऊन उत्तम काम होते. वक्रावरून एखादी वस्तू चालवायची असेल तर लक्षात ठेवावे, की चलाच्या (वक्रावर कुठे आहोत ते ठरवणाऱ्या ० ते १ मधल्या संख्येच्या) समान पावलांना वक्रावर समान अंतर पडत नाही. वळणाशी ठिपके दाटतात आणि वस्तू तिथे रेंगाळते. वक्राचे पाचशे तुकडे करून लांबीचा तक्ता बनवावा आणि अंतरानुसार त्यातून चल काढावा.

किरणांचा मागोवा घेऊन गोळे काढणे हा मोठ्यांचा आवडता विषय. त्याचा गाभा दहावीतले वर्गसमीकरण आहे. डोळ्यातून निघालेला किरण गोलाला कुठे भेटतो? विवेचक ऋण असेल तर भेटत नाही, शून्य असेल तर स्पर्श, धन असेल तर दोन बिंदू. दोन्हींपैकी सर्वांत लहान धन मूळ घ्यायचे. धन ही अट विसरली की पाठीमागचा गोळा समोर दिसतो. इथला आकडा असा: त्रिज्या १, केंद्र डोळ्यापासून ५ अंतरावर समोर, पडदा १ अंतरावर, आणि पडद्यावर १ एकक म्हणजे १,००० पिक्सेल. गोळ्याचा व्यास किती पिक्सेल? एक पंचमांशाच्या हिशेबाने ४०० हे उत्तर पटकन येते आणि ते चूक आहे. डोळ्यातून काढलेली स्पर्शिका गोलाला विषुववृत्ताच्या अलीकडे टेकते. तिच्या आणि केंद्राकडे जाणाऱ्या रेषेच्या कोनाचा साइन एक पंचमांश, टॅन्जंट एक भागिले वर्गमूळ २४. व्यास ४०८ पिक्सेल. मधल्या ओळीतले पिक्सेल मोजले की कळते. गोळा बाजूला सरकवला की तो लांबट दिसतो. ती चूक नव्हे, सपाट पडद्यावरचे प्रक्षेपण तसेच असते.

छाया काढताना सबंध गोळ्यावर काळे शिंतोडे उडतात, हे हमखास. पृष्ठभागावरच्या बिंदूतून दिव्याकडे किरण सोडला की दशांशातल्या बारीक चुकीमुळे तो बिंदू पृष्ठभागाच्या केसभर आत असू शकतो आणि गोळा स्वतःलाच आडवा येतो. ०.०००१ सारखे छोटे किमान अंतर ठरवून त्याच्या आतले छेद सोडून द्यावेत. ते अंतर फार मोठे घेतले तर वस्तू जमिनीला टेकते तिथली छाया सुटते आणि गोळा तरंगतो. सदिश एकक लांबीचे केले नाहीत तर उजेड भडक होतो. आणि एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची राहून जाते: पडद्यावरची किंमत आणि प्रकाशाचे प्रमाण यांचे नाते सरळ नाही. प्रकाश ६० अंशांनी पडला तर उजेड निम्मा, कारण कोसाइन ०.५, पण फाइलमध्ये २५५ च्या निम्मे १२८ लिहिले तर पडदा पूर्ण उजेडाच्या पाचव्या भागाच्या आसपासच उजेड देतो. पडद्यांसाठी ठरलेल्या नेहमीच्या एसआरजीबी मोजपट्टीवर निम्म्या उजेडाची किंमत १८८ आहे. गोळ्याची अंधारी बाजू अकारण गडद दिसत असेल तर दिव्याची जागा बदलत बसू नये, हे तपासावे.

हल्ली तोंडी वर्णन केले की संगणकच प्रोग्राम लिहून देतो. त्यावर बंदी घालून फार काही साधेल असे वाटत नाही. उलट वर सांगितलेले आकडे अशा वेळी जास्त उपयोगी पडतात. प्रोग्राम कोणीही लिहिलेला असो, ४०८ का, ४०० का नाही, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. परीक्षकांनी प्रकल्पवहीत तीन गोष्टी मागाव्यात: चित्राआधी कागदावर काढलेला आकडा, चित्रातून मोजलेला आकडा, आणि पहिल्यांदा ते जुळले नाहीत तेव्हाचे चुकलेले चित्र. तिसरी गोष्ट खोटी तयार करणे सर्वांत कठीण आहे. गुण देताना दिसण्याला जेवढे वजन असेल, निदान तेवढे या तिघांना असावे.

शेवटी आपल्या हातातल्या कागदाविषयी. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर भिंग धरले की करडा रंग कुठेच सापडत नाही. समान अंतरावरचे लहानमोठे काळे ठिपके तेवढे दिसतात. पडद्यावर हेच काम फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांच्या १९७६ च्या रीतीने करता येते. पिक्सेल १२८ च्या खाली असेल तर काळा, नाहीतर पांढरा. त्यात जी चूक झाली ती सोळा भाग करून उजवीकडच्या शेजाऱ्याला ७, खाली-डावीकडे ३, खाली ५, खाली-उजवीकडे १ अशी वाटायची. ६४ किमतीचा एकसारखा करडा चौरस, १०० गुणिले १००, घ्या. पांढरे पिक्सेल सुमारे २,५०० यायला हवेत. कडेला वाटणी बाहेर सांडते म्हणून थोडा फरक पडेल. ७ च्या जागी चुकून ६ लिहिला तर दर वेळी चुकीचा सोळावा भाग हरवतो आणि चौरसातली छटा आता बरोबर उतरत नाही. चूक साठवायला ० ते २५५ एवढेच मावणारी जागा वापरली तर किंमत २५५ ओलांडून पुन्हा शून्यावर येते आणि उजळ भागात काळे ठिपके उगवतात. छापील चित्राचा मोबाइलने फोटो घेतल्यावर त्यावर लाटा का दिसतात, हाही याच घराण्यातला प्रश्न आहे: एका सेंटिमीटरला १० रेघा आणि ११ रेघा असलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर दर सेंटिमीटरला एक जाड पट्टा दिसतो, ११ वजा १०.

आपल्या पानांवर विद्यार्थ्यांच्या अशा प्रकल्पाचे चित्र छापले जाईल तेव्हा चित्राखालच्या ओळीत विद्यार्थ्याने आधी काढलेला आकडा आणि मोजून आलेला आकडा असे दोन्ही द्यावेत, ही विनंती. आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र असेल तर ते छापताना लहानमोठे करू नये, नाहीतर घरी भिंग घेऊन मोजायला बसलेल्या वाचकाचा हिशेब जुळणार नाही.

आपले नम्र,
गणित व संगणक विषयांचे काही शिक्षक